डिलिव्हरीची गाडी एक्स्प्रेसवेवर: लेनची शिस्त दुकानातून सुरू होते



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिलिव्हरीचा खर्च कसा काढायचा ते पाहिलं. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार, गाडीचा हप्ता, मेंटेनन्स. एक खर्च मी मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण त्याला वेगळा धडा हवा. तो खर्च म्हणजे घाई. आणि ही घाई सगळ्यात जास्त दिसते ती एक्स्प्रेसवेवर, लेन कापताना.

तुम्ही म्हणाल, बिझनेस शिकवणारा माणूस आज ड्रायव्हिंग का शिकवतोय? आधी माझा अनुभव सांगतो, मग कळेल.

नऊ सेट फुटले त्याची गोष्ट

माझं क्रॉकरीचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी एका कंपनीची गिफ्टची ऑर्डर होती, काचेचे ६० डिनर सेट. माल मुंबईहून, मशीद बंदरहून यायचा होता. कंपनी हिंजवडीला. मी साहेबांना सांगून मोकळा झालो, "चार वाजता माल तुमच्या गेटवर."

आमच्या टेम्पोवर जे काका आहेत ते माझ्या वडिलांच्या वयाचे. ते बारा वाजता निघणार होते. पण मार्केटमध्ये हमाल मिळायला उशीर, मग गल्लीत गाडी अडकली. निघाले सव्वाला. मी दुकानात बसून घड्याळ बघतोय. फोन केला, "काका, कुठे पोहोचलात?" अर्ध्या तासाने परत फोन. मग अजून एक. चौथा फोन केला तेव्हा काका पनवेल सोडून खालापूरच्या अलीकडे होते. डाव्या लेनमध्ये, एका संथ कंटेनरच्या मागे. मी म्हणालो, "काका, जरा दाबा की, साहेब थांबलेत."

काकांनी फोन ठेवला आणि डाव्या लेनमधून मधली ओलांडून थेट उजव्या लेनमध्ये घुसले. मागून एक कार जोरात येत होती. कारवाल्याने करकचून ब्रेक मारला, काकांनी गाडी झटक्यात परत डावीकडे घेतली. कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण मागचा माल सरकला. नऊ सेट फुटले. ११५० रुपयांचा एक, म्हणजे १०,३५० रुपये गेले. त्या ऑर्डरमधला निम्म्याहून जास्त नफा तिथेच संपला.

संध्याकाळी काका एवढंच म्हणाले, "शेठ, तो चौथा फोन आला नसता तर मी कंटेनरच्या मागेच राहिलो असतो."

मित्रांनो, मी त्यांना काय बोलणार? लेन त्यांनी कापली, पण कापायला मी लावली. शिवाय गाडी चालवणाऱ्या माणसाला मी चार वेळा फोन उचलायला लावला, तो गुन्हा वेगळाच.

आधी गणित करू

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे कळंबोली ते किवळे साधारण ९४.५ किलोमीटर आहे. घाट सोडला तर सपाट रस्ता धरा ८० किलोमीटर. मालाच्या गाडीला तिथे वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. आता वहीत लिहा:

- ताशी ८० ने ८० किलोमीटर: ६० मिनिटं
- नियम मोडून ताशी १०० ने: ४८ मिनिटं
- वाचले: १२ मिनिटं

तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. खरं तर मध्ये ट्रॅफिक असतं, टोलनाका असतो, घाट असतो, त्यामुळे १२ ची पाच-सहा मिनिटंच उरतात. आणि आमचा उशीर किती होता? सव्वा तास! तो झाला मार्केटच्या गल्लीत आणि मी वसूल करायला निघालो एक्स्प्रेसवेवर.

बीबीएला आम्हाला लीड टाइम शिकवला होता, म्हणजे ऑर्डरपासून माल हातात येईपर्यंतचा सगळा वेळ. परीक्षेत मार्क मिळाले, पण अर्थ मला त्या दिवशी कळला. उशीर जिथे होतो तिथेच तो कमी करायचा. लोडिंगमध्ये गेलेला तास रस्त्यावर परत मिळत नाही.

तीन लेन, तीन कामं

एक्स्प्रेसवेला प्रत्येक बाजूला तीन लेन आहेत. अनेक जण वर्षानुवर्षं गाडी चालवतात, पण कुठली लेन कशासाठी हे विचारलं की गडबडतात.

डावी लेन: अवजड आणि संथ गाड्यांची. ट्रक, कंटेनर, भरलेला टेम्पो यांचं घर हेच.

मधली लेन: कार आणि हलक्या गाड्यांची. डाव्या लेनमधल्या गाडीला पुढे समोरची संथ गाडी ओलांडायची असेल तर तेवढ्यापुरतं इथे यायचं आणि परत डावीकडे जायचं.

उजवी लेन: फक्त ओव्हरटेकसाठी. ओव्हरटेक झाला की सोडायची.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. लोक उजव्या लेनला 'फास्ट लेन' म्हणतात. कारवाला म्हणतो, "मी १०० च्या लिमिटवर चाललोय, मी का हटू?" अहो, तुमचा वेग बरोबर असेल, पण जागा चुकीची आहे. आपल्या दुकानातलं उदाहरण घ्या. एखादं गिऱ्हाईक बिल भरून झाल्यावरही काउंटरपुढेच उभं राहून पिशवी लावत बसतं. त्याने पैसे बुडवलेत का? नाही. पण मागची रांग अडली ना? मग मागचे लोक बाजूने हात घालून पैसे द्यायला लागतात, धक्काबुक्की होते. रस्त्यावर हेच होतं. उजवी लेन अडली की मागचा माणूस डावीकडून ओव्हरटेक करतो, आणि डावीकडून कोणी येईल याची पुढच्याला कल्पनाच नसते. म्हणून नियम साधा आहे, ओव्हरटेक उजवीकडून. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये हे सगळं लिहिलेलं आहे.

दुसरी चूक आपल्या मालाच्या गाड्यांची. दोन ट्रक शेजारी शेजारी, दोघांचा वेग जवळजवळ सारखा, आणि एक दुसऱ्याला ओलांडतोय. चढावर तर हे दोन-दोन किलोमीटर चालतं आणि मागे शंभर गाड्या अडकतात. तुमच्या ड्रायव्हरला स्पष्ट सांगा: समोरच्यापेक्षा आपला वेग नीट जास्त असेल तरच ओव्हरटेक, नाहीतर मागे राहायचं.

लेन बदलायची कशी?

हे सहा टप्पे लिहून घ्या आणि गाडीत चिकटवा:

१. आधी ठरवा, खरंच गरज आहे का? पुढे दोन किलोमीटरवर बाहेर पडायचं असेल तर कशाला ओव्हरटेक?
२. आरशात बघा. मागची गाडी किती लांब आहे, आणि ती किती वेगाने जवळ येतेय, हे दोन्ही.
३. इंडिकेटर द्या आणि थांबा. इंडिकेटर म्हणजे विनंती आहे, परवानगी नाही. दिला आणि लगेच वळला तर उपयोग शून्य.
४. मान किंचित वळवून बाजूला बघा. आरशात न दिसणारा एक कोपरा असतो, त्यात अख्खी कार लपते.
५. एका वेळी एकच लेन. डावीकडून थेट उजवीकडे कधीच नाही. आमच्या काकांची चूक हीच झाली.
६. ओलांडलेली गाडी आरशात पूर्ण दिसली की इंडिकेटर देऊन परत आपल्या लेनमध्ये.

आता याचंही गणित बघा, कारण ओव्हरटेकला किती जागा लागते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. समजा ट्रक ताशी ६० ने चाललाय, आपला टेम्पो ८० ने. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. ट्रकच्या आधी ४० मीटर, दोन्ही गाड्यांची लांबी मिळून २० मीटर, ओलांडल्यावर ४० मीटर, असं १०० मीटर आपल्याला पुढे सरकायचंय. लागतात १८ सेकंद. तेवढ्यात आपला टेम्पो रस्त्यावर ४०० मीटर गेलेला असतो.

आणि मागून १०० ने येणारी कार? आरशात ती १०० मीटर लांब दिसली होती. आपण ओव्हरटेक संपवेपर्यंत ती आपल्या बंपरला टेकते. ती १२० ने येत असेल तर २०० मीटर लांब असूनही टेकते. म्हणून "लांब आहे, निघून जाऊ" हा अंदाज फसतो.

अंतर ठेवलं की कोणीतरी घुसतं, मग?

भरलेल्या गाडीला थांबायला जास्त जागा लागते. किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. समोरची गाडी एखाद्या बोर्डाजवळून गेली की मोजायला लागा, "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन." त्याआधी आपण बोर्डाजवळ पोहोचलो तर आपण फार चिकटून चाललोय. ताशी ८० ला हे अंतर होतं साधारण ६७ मीटर. पावसात दुप्पट.

ड्रायव्हर लोक म्हणतात, "शेठ, एवढी जागा सोडली की कोणीतरी घुसतंच." घुसू द्या. प्रत्येक घुसणाऱ्यामागे आपण परत तीन सेकंद मागे गेलो, असे दहा जण घुसले तरी गेले ३० सेकंद. अख्ख्या प्रवासात अर्धं मिनिट! तेवढ्यासाठी कोणाच्या मागे चिकटायचं नाही.

घाट, बोगदा आणि पाऊस

बोरघाटात पुण्याकडे येताना भरलेली गाडी चढावर आपोआप मंदावते. तिथे डावी लेन सोडायची नाही. अर्धवट ओव्हरटेक करून मधल्या लेनमध्ये दम तोडणारी गाडी सगळ्यांना अडवते. कारला घाटात ताशी ६० ची मर्यादा आहे, मालाच्या गाडीला त्याहून कमी, बोर्ड बघून चालवा.

मुंबईकडे उतरताना दुसरी गोष्ट. डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रल करतात. हे कधीही चालवून घेऊ नका. गिअर काढला की इंजिनची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ब्रेक तापतात आणि नेमके लागतात तेव्हा लागत नाहीत. खालच्या गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक अधूनमधून मारायचा. वाचलेलं डिझेल शंभर-दोनशे रुपयांचं, आणि पणाला काय लावलंत?

बोगद्यात हेडलाइट चालू, लेन बदलणं बंद. धुक्यात आणि पावसात चालत्या गाडीचे पार्किंग लाइट लावू नका. चारही दिवे लुकलुकत असतील तर तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळणार कसं? ते दिवे बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत.

रस्त्यावरचे संस्कार

टेम्पोच्या मागे दुकानाचं नाव आणि फोन नंबर असतो ना? मग गाडी चालता-फिरता बोर्डच आहे. कट मारला तर लोक ड्रायव्हरला नाही, दुकानाला शिव्या देतात.

- मागच्याने साइड मागितली तर मार्ग द्या. त्याची चूक असली तरी. आपल्याला माल पोहोचवायचाय, भांडण जिंकायचं नाही.
- डिपर एकदा पुरे. चिकटून सारखा डिपर आणि हॉर्न मारला की पुढचा माणूस घाबरून चुकतो.
- ॲम्ब्युलन्सला वाट द्या. वाट अडवली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.
- बाहेर पडायचा फाटा चुकला तर रिव्हर्स घ्यायचा नाही. पुढच्या फाट्याने बाहेर पडा. वीस मिनिटं जातील, जाऊ द्या.
- गाडी बंद पडली तर अगदी डावीकडे घ्या, पार्किंग लाइट लावा, मागे लांबवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा, आणि माणसांनी गाडीत न बसता कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. मदतीला ११२, ॲम्ब्युलन्सला १०८.

दुचाकीवर डिलिव्हरी करणाऱ्या मित्रांनो, एक्स्प्रेसवेवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. शॉर्टकट म्हणून घुसू नका, जुना हायवे आहे.

मालकाचं काम

आता मुख्य धडा. वरचं सगळं ड्रायव्हरला पाठ करून घेतलं आणि दुकानातली सवय बदलली नाही, तर काही उपयोग नाही. घाई दुकानात तयार होते, रस्त्यावर फक्त दिसते. त्या दिवाळीनंतर मी पाच गोष्टी बदलल्या.

पहिली, वेळ देताना टप्पा द्यायचा. "चार वाजता" नाही, "चार ते सात". आणि तुम्हाला खरी गंमत सांगतो. सेट फुटल्यावर मी घाबरत साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, आमचं वाटप परवा आहे. संध्याकाळी सिक्युरिटीकडे ठेवलं तरी चाललं असतं." म्हणजे चारची वेळ त्यांनी मागितलीच नव्हती! इम्प्रेशन मारायला मीच दिली होती. त्यामुळे आता मी आधी विचारतो, "तुम्हाला माल कशासाठी आणि कधी लागणार आहे?"

दुसरी, चालत्या गाडीला फोन नाही. काका टोलनाक्यानंतर किंवा फूड मॉलला थांबले की तेच मला फोन करतात. मला घाई असली तरी मी लावत नाही.

तिसरी, उशीर झाला तर ग्राहकाला फोन मी करायचा. हे ओझं ड्रायव्हरच्या डोक्यावर नको. लोडिंगला तास गेला की लगेच कळवायचं. ग्राहक उशिरावर रागावतो त्यापेक्षा न कळवण्यावर जास्त रागावतो.

चौथी, लोडिंगवर लक्ष. हमाल आदल्या दिवशी ठरवायचे, माल घट्ट बांधायचा, जड खाली आणि हलका वर. वजन पासिंगपेक्षा जास्त भरायचं नाही. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल आणायचा मोह इथे महागात पडतो.

पाचवी, फेरीमागे जादा पैसे बंद केले. आधी मी दिवसात दुसरी फेरी मारली की काकांना जास्त पैसे देत होतो. म्हणजे वेगाला बक्षीस देत होतो आणि वर शिस्तीचं भाषण! आता महिनाभर एकही चलान नाही, माल फुटला नाही, तर बोनस.

चलानचं म्हणाल तर ते गाडीच्या मालकाच्या नावावर येतं. एक्स्प्रेसवेवर आता कॅमेरे आहेत, वेगाबरोबर लेनची चूकही टिपतात. धोकादायक ओव्हरटेक हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये येतो, त्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर मालकाला सांगावं लागतं. पण दंडाच्या भीतीने शिस्त पाळू नका. काकांच्या घरी नात आहे, ती रात्री त्यांची वाट बघते. माझ्या सगळ्या हिशोबात तो आकडा कुठेच नव्हता.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या महिन्यातल्या दहा डिलिव्हरी घ्या. प्रत्येकीत उशीर कुठे झाला ते लिहा: लोडिंग, बिल, पार्किंग की रस्ता? रस्त्याचा वाटा किती निघतो ते बघा.
२. तुमच्या ड्रायव्हरबरोबर एकदा पूर्ण फेरी करा. बाजूला बसा, सूचना देऊ नका. तुमच्यामुळे त्याला किती फोन येतात ते मोजा.
३. पुढच्या तीन ऑर्डरमध्ये वेळेचा टप्पा देऊन बघा.

परवा परत तसंच झालं. मार्केटमध्ये तास गेला, काका उशिरा निघाले. मी ग्राहकाला फोन करून सांगितलं, "सहापर्यंत येईल." ते म्हणाले, "बरं." काकांना फोन केला नाही. त्यांचाच आला, खालापूरच्या टोलवरून. "शेठ, चहा घेतोय. घाटात ट्रॅफिक आहे, डावी लेन धरून निवांत येतो." मी म्हटलं, "या काका." साडेपाचला माल पोहोचला. एकही ग्लास फुटला नव्हता.

भेटू पुढच्या धड्यात. गाडी जपून चालवा, आणि ड्रायव्हरला जपून चालवू द्या.